टिनाच्या शेडचे उष्णतारोधन (नागपूर)

घरामागच्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर टिन ठोकून उभारलेली खोली बाराही महिने वापरता यावी, म्हणून तिच्या छताला व भिंतींना उष्णता अडवणारे थर देण्याची पद्धत. नागपुरात अशी शेड बहुधा अडगळीसाठी बांधतात. पुढे तिथेच शिलाई मशीन येते, शिकवणी सुरू होते किंवा मुले अभ्यासाला बसतात. मग उन्हाळा आला की खोली टाकून द्यावी लागते.

नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. टिन पातळ असल्याने त्यात उष्णता साठत नाही. ते उन्हासोबत तापते आणि रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडते. डिसेंबरच्या पहाटे अशा छताच्या आतल्या बाजूला दव धरते आणि खाली ठेवलेल्या कापडावर, वह्यांवर थेंब पडतात.

कामाची सुरुवात छतापासूनच करावी. शहर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. नवतपा, म्हणजे वर्षातले सर्वांत तापते मानले जाणारे नऊ दिवस, याच सुमारास असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरपे पडते. खरा मारा छतावर होतो. खिडक्या सताड उघड्या असल्या तरी टाळूवर झळ बसते, कारण ती तापलेल्या टिनातून निघणाऱ्या किरणांची असते. नुसता पंखा लावून ती जात नाही. भिंतींना आधी थर्माकोल लावून छत उघडे ठेवणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

पहिला आणि सर्वांत स्वस्त थर म्हणजे वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग. नवे कोरे टिन चकाकत असले तरी ते घेतलेली उष्णता सहज सोडत नाही, म्हणून त्यालाही रंग हवाच. धूळ बसली की रंगाचा गुण कमी होतो. उन्हाळ्यापूर्वी छत धुऊन घ्यावे. आतून चकचकीत फॉइल लावताना टिन आणि फॉइल यांच्यामध्ये दोन-तीन सेंटीमीटर हवेची पोकळी सोडावी लागते. फॉइल टिनाला चिकटवली तर तिचा उपयोग जवळपास संपतो. त्याखाली थर्माकोल किंवा रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकरीसारखी तंतूंची गादी) आणि शेवटी सिमेंट बोर्ड किंवा प्लायवूड. ५० मिलिमीटर थर्माकोल उष्णता अडवण्यात साधारण एक मीटर जाडीच्या विटेच्या भिंतीची बरोबरी करतो. मात्र बोर्ड थेट लोखंडी पाइपाला स्क्रूने कसला, तर पाइपातून उष्णता खाली उतरत राहते; मध्ये लाकडी पट्टी द्यावी.

थर्माकोल पेट घेतो आणि उंदीर तो पोखरतात. म्हणून तो उघडा ठेवू नये आणि वायरिंग पाइपातूनच न्यावे. रॉकवूल जळत नाही, पण ओले झाले की निकामी होते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी टिनाच्या स्क्रूंचे वॉशर तपासणे भाग आहे. या थरांमुळे पावसाचा कानठळ्या बसवणारा आवाजही बराच दबतो.

भिंतींपैकी पश्चिमेची महत्त्वाची. तिथे थर द्यावाच. शिवाय बाहेरून बांबूचे तट्टे किंवा दोडक्याच्या वेलाचा मांडव भिंतीपासून वीतभर अंतरावर उभा केला, तर ऊन टिनापर्यंत पोहोचतच नाही. बाकीच्या भिंती नंतर केल्या तरी चालते.

खोली किती बंद करायची, हे गारवा कशाने आणणार त्यावर ठरते. एसी लावायचा असेल तर फटी बुजवाव्या लागतात. कुलरला मात्र समोरच्या बाजूची खिडकी उघडी लागते. ती नसेल तर ओल कोंडते आणि तासाभरात घामाच्या धारा लागतात. मेमधल्या कोरड्या हवेत कुलर उत्तम चालतो, जुलैच्या दमट हवेत नाही. त्यामुळे छताच्या उंच टोकाजवळ जाळी बसवलेला झरोका ठेवावा. त्यातून गरम हवा निघून जाते आणि थंडीत तो झडपेने बंद करता येतो.

जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याने असे पत्रे कापू, घासू किंवा भोके पाडू नयेत. आतले छत स्वतंत्र सांगाड्यावर उभे करावे.