आयोवाची २५ पॉइंटची अट आणि तिच्यामागचा प्ले-कॉलिंगचा इतिहास

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा युनिव्हर्सिटीनं आपल्या फुटबॉल टीमच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचा (आक्रमणाचे डाव ठरवणारा असिस्टंट कोच), म्हणजे ब्रायन फेरेंट्झचा, करार बदलला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखावर आणला आणि अट घातली की पुढच्या सीझनमध्ये टीमनं मॅचमागे सरासरी २५ पॉइंट करायचे आणि किमान ७ मॅच जिंकायच्या. हेड कोच कोण, तर त्याचेच वडील कर्क फेरेंट्झ, १९९९ पासून त्याच खुर्चीत. मुलगा वडिलांच्या हाताखाली नको म्हणून कागदोपत्री तो अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला (युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) रिपोर्ट करायचा. ही बातमी तेव्हा सगळीकडे फिरली, पण माझ्या मते खरा प्रश्न तो आकडा आहे. कोच कुठला डाव लावतो ते चांगलं की वाईट हे पॉइंटवरून ठरवता येतं का?

आधी थोडं बेसिक, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सीच डोळ्यासमोर येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सला, म्हणजे बॉल हातात असलेल्या टीमला, चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात, चारात मिळून १० यार्ड पुढे गेलात तर परत नवे चार. नाही जमलं की चौथ्या डाउनला बहुतेक टीम बॉल लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात, त्याला पंट म्हणतात. प्रत्येक डाउनआधी ठरवायचं असतं की बॉल घेऊन पळायचं की पास टाकायचा, कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुणाला अडवायचं. हे ठरवणं म्हणजे प्ले-कॉलिंग, आणि एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा ते करावं लागतं.

आता गंमत बघा, हे काम मुळात कोचचं नव्हतंच. बराच काळ कोचनं साइडलाइनवरून सूचना देणं हे नियमात बसतच नव्हतं, मैदानावरचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सुरू झाला की बॉल हातात घेणारा खेळाडू, स्वतःच डाव ठरवायचा, कोचनं आठवडाभर जे शिकवलं त्यावर. १९५३ मध्ये खेळाडू बदलण्यावर परत कडक बंधनं आली, त्यामुळे तेच अकरा जण ऑफेन्सही खेळायचे आणि डिफेन्सही, नवा खेळाडू पाठवून त्याच्या तोंडून निरोप द्यायचीही सोय फारशी उरली नाही. १९६४-६५ च्या सुमारास ही बंधनं सुटली, दोन वेगळे संच आले आणि मग हळूहळू डाव ठरवणं मैदानावरून साइडलाइनवर आणि तिथून वर प्रेस बॉक्समध्ये बसणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे गेलं. हाताच्या खुणा, मोठे चित्रांचे बोर्ड, आणि २०२४ पासून तर मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ, जो प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायच्या मुदतीचं घड्याळ) १५ सेकंद उरले की बंद होतो. काम एका माणसाकडे गेलं म्हणजे खापर फोडायलाही एक डोकं मिळालं, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या आरडाओरड्याची सुरुवात इथे आहे.

निकालावरून डाव जोखायची सवय किती जुनी आहे ते बघायचं तर ६ डिसेंबर १९६९ ची टेक्सस विरुद्ध आर्कान्सा मॅच आठवा. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या टीम, गाव फेयेटविल, प्रेसिडेंट निक्सन स्टँडमध्ये. टेक्ससकडे तेव्हा विशबोन होता, असिस्टंट कोच एमोरी बेलार्डनं १९६८ मध्ये बसवलेली रचना, क्वार्टरबॅकच्या मागे तीन रनर आणि बॉल कुणाकडे जाणार हे डिफेंडरची हालचाल बघून ऐनवेळी ठरणार. पळायचा ऑफेन्स हा, पास अगदी कमी. हेड कोच डॅरेल रॉयलची टीम १४-० नं मागे होती, चौथ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅक जेम्स स्ट्रीटनं ४२ यार्ड पळून टचडाउन (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, ६ पॉइंट) केलं आणि लगेच दोन पॉइंटचा जादा प्रयत्न यशस्वी झाला, १४-८. मग पाचएक मिनिटं उरलेली असताना स्वतःच्या ४३ यार्ड लाइनवर चौथा डाउन, ३ यार्ड हवेत. सगळ्यांना वाटलं पळणार. रॉयलनं लांब पास सांगितला. रँडी पेश्चेलनं तो दोन डिफेंडरच्या मधून झेलला, ४४ यार्ड, आणि दोन प्लेनंतर टचडाउन आणि किकचा एक पॉइंट, १५-१४, पुढे नॅशनल चॅम्पियनशिप.

तो पास बोटभर लांब पडला असता तर? तीन यार्डांसाठी चव्वेचाळीस यार्डांचा पास, तोही पळण्यात देशात दबदबा असलेल्या टीमनं. रॉयलला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पण मला तो डाव आजही पटतो, झेल सुटला असता तरी पटला असता, कारण आर्कान्साचे डिफेंडर दिवसभर पळणाऱ्यांना अडवायला पुढे चिकटून उभे होते आणि पाठीमागची जागा मोकळी होती. डाव जोखायचा तर तो लावला त्या क्षणी समोर काय दिसत होतं त्यावरून जोखावा. हे मोजायचं कसं यावर तेव्हा कुणी फार विचार करत नव्हतं, पण दोनच वर्षांत, १९७१ मध्ये, व्हर्जिल कार्टर नावाच्या क्वार्टरबॅकनं (हो, खेळणारा क्वार्टरबॅक!) रॉबर्ट मॅकॉलबरोबर एक पेपर लिहिला आणि मैदानावरच्या कुठल्या जागेवरून बॉल मिळाला तर सरासरी किती पॉइंट येतात हे मांडलं. आज ज्याला एक्सपेक्टेड पॉइंट्स म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे.

परत आयोवाकडे येतो. १९७९ मध्ये हेडन फ्राय आले तेव्हा आयोवाचा एक विनिंग सीझन होऊन १७ वर्षं उलटली होती. फ्राय टेक्ससचे, त्यांनी पास आणला, वेगवेगळ्या फॉर्मेशन आणल्या, तिसऱ्या सीझनमध्ये टीम रोझ बोलला (सीझनअखेरची मानाची मॅच) गेली. त्यांच्या स्टाफमध्ये १९८१ पासून ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे खेळाडू) शिकवायला कर्क फेरेंट्झ होते. हा माणूस मनानं लाइनचा कोच, आणि १९९९ मध्ये हेड कोच झाल्यावर त्यांनी जी टीम बांधली ती तशीच: झोन ब्लॉकिंगवर (ठरलेला माणूस नाही, आपापला भाग अडवायचा) पळायचं, बॉल गमवायचा नाही, पंट नीट मारायचा, समोरच्याला ८० यार्ड चालायला लावायचं आणि डिफेन्सवर भरवसा ठेवायचा. आपल्याकडच्या जुन्या रणजी मॅचसारखं, लीड घ्यायची आणि विकेट राखायची. हे चुकीचं नाही, यावर मॅच खूप जिंकल्यात.

पण याच पद्धतीमुळे ऑफेन्सचं मोजमाप अवघड होतं. ३ सप्टेंबर २०२२ ला आयोवानं साउथ डकोटा स्टेटला ७-३ हरवलं, त्यात टचडाउन एकही नाही, एक फील्ड गोल (किकनं ३ पॉइंट) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच शेवटच्या भागात अडवून प्रत्येकी २), म्हणजे ७ पैकी ४ पॉइंट डिफेन्सचे. त्या सीझनला सरासरी आली १७.७. आणि तरी करारात २५ चा आकडा घालताना डिफेन्सनं आणि स्पेशल टीम्सनं (पंट-किकच्या वेळी उतरणारा संच) केलेले पॉइंटही त्यात धरले! २०२३ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध कूपर डीजीननं पंट रिटर्न करून, म्हणजे समोरच्याचा पंट घेऊन उलटं पळून, टचडाउन केलं, तेही कोऑर्डिनेटरच्या खात्यात. मग हा आकडा प्ले-कॉलिंगबद्दल काय सांगणार?

मोजायला बरी साधनं तेव्हाही होती. कॉलेज फुटबॉलमध्ये बिल कॉनेलीनं रुळवलेला सक्सेस रेट घ्या: पहिल्या डाउनला हव्या त्यातले ५० टक्के यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तेवढे मिळाले तर तो प्ले यशस्वी. तिसरा डाउन, ८ यार्ड हवेत आणि मिळाले ५, तर एकूण यार्डात ५ ची भर पडते पण प्ले फसलेलाच असतो. मॅचमागे यार्ड मोजले तर सावकाश खेळणारी टीम आपोआप वाईट दिसते, म्हणून प्लेमागे यार्ड बघायचे. आणि आता हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की आयोवाचा ऑफेन्स या कुठल्याही फूटपट्टीनं मोजा, तळाशीच होता. माझी तक्रार अटीबद्दल आहे, ब्रायनला वाचवायचा प्रयत्न नाही.

२०२३ चा सीझन जवळून पाहिलाय, माझा भाचा तिकडे शिकायला आहे आणि सकाळी ११ ची मॅच आपल्याकडे रात्री साडेनऊला लागते, जेवणं उरकून बसायचो. क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबर संपताना गुडघ्यानं गेला, टाइट एंड (समोरच्याला अडवणारे आणि पासही झेलणारे) ल्यूक लाची आणि एरिक ऑल दोघंही जखमी होऊन बाहेर, म्हणजे पास ज्यांच्यावर उभा होता ते सगळे संपले. २१ ऑक्टोबरला मिनेसोटाकडून १२-१० हार, डीजीनचं पंट रिटर्न टचडाउन रद्द झालं, तो निर्णय मला अजून सलतो. ३० ऑक्टोबरला हंगामी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बेथ गेट्झनं जाहीर केलं की सीझननंतर ब्रायन राहणार नाही, मधेच, टीम ६-२ (सहा जिंकलेल्या, दोन हरलेल्या) असताना.

आणि त्यानंतर टीम राहिलेल्या चारही मॅच जिंकली. नॉर्थवेस्टर्न १०-७, रटगर्स २२-०, नेब्रास्का १३-१०. रेग्युलर सीझनच्या १२ मॅचमध्ये २१६ पॉइंट केले, म्हणजे सरासरी बरोबर १८, आणि खाल्ले फक्त १४६. मग बिग टेन या त्यांच्या लीगच्या चॅम्पियनशिप मॅचमध्ये मिशिगनकडून २६-०, सिट्रस बोलमध्ये टेनेसीकडून ३५-०, त्यामुळे शेवटची सरासरी १५.४ आणि रेकॉर्ड १०-४. सात विजयांची अट आरामात पार आणि पॉइंटची अट जवळपासही नाही. त्याच वर्षी पंटर टोरी टेलरनं एका सीझनमध्ये ४,४७९ यार्ड पंट मारून १९३८ पासूनचा रेकॉर्ड मोडला. हा एकच आकडा सगळं सांगतो, ऑफेन्स किती वेळा अडला तेही आणि टीम जिंकत कशी होती तेही.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले. लोकांना वाटलं आता पासच पास, पण पाया तोच राहिला, झोन ब्लॉकिंग आणि पळणं. बदललं ते स्नॅपच्या (डाव सुरू करताना बॉल मागे देणं) आधीचं: खेळाडू इकडून तिकडे हलवायचे, म्हणजे डिफेन्स काय करणार हे आधी दिसतं आणि एकाच फॉर्मेशनमधून चार वेगळे प्ले निघतात. रनिंग बॅक केलेब जॉन्सन २०२३ मध्येही टीममध्ये होताच, त्यानं २०२४ मध्ये १,५३७ यार्ड आणि पळून २१ टचडाउन केले, आणि टीमची सरासरी २५ च्या पुढे गेली, जेव्हा करारातली ती अट कुणालाच लागू नव्हती.