खरबुजाला हॅमची जोड मिळाली कशी?

उन्हाळ्यात इटलीत जेवायला बसलं की सुरुवातीला हमखास समोर येणारी एक बशी म्हणजे केशरी खरबुजाच्या फोडी आणि त्यांवर कागदासारखे पातळ काप केलेलं कच्चं हॅम (डुकराच्या मांडीचं खारवून वाळवलेलं मांस), म्हणजेच प्रोशूत्तो. शिजवायचं काहीच नाही. गोड फळाशेजारी खारं मांस ठेवायचं कुणाला सुचलं असेल, याचा माग स्वयंपाकघराऐवजी वैद्यांच्या दारात लागतो.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याची शिकवण युरोपात हजारभर वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानली गेली. त्यानुसार प्रत्येक पदार्थ उष्ण किंवा थंड, कोरडा किंवा ओलसर असतो. पपई उष्ण आणि काकडी थंड हे ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको. युनानी हकिमांनी हीच विद्या पुढे हिंदुस्थानात आणली. या हिशेबात खरबूज अतिथंड आणि ओलसर, पोटात जाऊन सडणारं, म्हणून धोक्याचं. पोप पॉल दुसरे १४७१ च्या जुलैत एका रात्री अचानक वारले. रात्रीच्या जेवणात त्यांनी दोन मोठी खरबुजं फस्त केली होती, असं प्लातिना या लेखकाने नोंदवून ठेवलं आहे. अर्थात याच पोपने प्लातिनाला तुरुंगात डांबलं होतं, तेव्हा खरबुजांचा उल्लेख कितपत निर्मळ मनाने झाला असेल कोण जाणे!

पण लोकांना खरबूज सुटत नव्हतं. मग वैद्यांनी मधला मार्ग काढला. खरबूज जेवणाच्या सुरुवातीलाच खावं आणि सोबत काहीतरी उष्ण, कोरडं घ्यावं: कडक वाइन, खारं चीज किंवा खारवून वाळवलेलं मांस. मास्सिमो मोंतानारी यांच्यासारखे खाद्येतिहासकार ही जोडी या पथ्यातूनच आल्याचं मांडतात, आणि ते पटण्यासारखं आहे. गॅलेनचं शास्त्र मागे पडलं, जोडी मात्र जिभेला रुचली म्हणून राहिली.

हॅम तर त्याहूनही जुनं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमचा काटो आपल्या शेतीवरच्या ग्रंथात डुकराच्या मांड्या मिठात मुरवायची कृती देतो: मिठाचे थर, मग वारा, मग धूर, शेवटी तेल आणि व्हिनेगरचा हात, म्हणजे कीड लागत नाही. आज नावाजलेलं इटलीतल्या पार्माचं हॅम धुराशिवाय, नुसत्या मिठावर आणि वाऱ्यावर होतं. लांगीरानो गावाच्या परिसरात उंच, अरुंद खिडक्यांच्या इमारतींत मांड्या टांगून ठेवतात आणि हवा बघून खिडक्या उघडतात. उघडं मांस फार सुकू नये म्हणून त्यावर डुकराची चरबी आणि तांदळाचं पीठ यांचं लिंपण करतात. शेवटी पारखी येतो तो घोड्याच्या हाडाची सुई घेऊन. ती ठरलेल्या जागी मांसात खुपसून लगेच नाकाशी धरायची. हाड सच्छिद्र, त्यामुळे वास पटकन धरतं आणि पटकन सोडतंही. पास झालेल्या मांडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग उमटतो. हा शिक्का सांभाळणारा उत्पादकांचा संघ १९६३ चा.

खरबूज नसेल तेव्हा इटलीत ताजं अंजीरही चालतं, आणि माझ्या मते ते हॅमला जास्त शोभतं. वरून गोडसर व्हिनेगर ओतायची हल्लीची पद्धत मात्र अनाठायी. मीठ आणि गोडवा दोन्ही आधीच बशीत असतात.

गोव्यात पोर्तुगीज आले, डुकराचं मांस खारवणंही आलं. पण तिथल्या दमट हवेत उघड्यावर टांगलेली मांडी महिनोन्‌महिने टिकवणं अवघड. म्हणून मांसाचे लहान तुकडे मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवून आतड्यांत भरले गेले आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून ‘चोरीस’ नावाचं हे सॉसेज घरोघर टांगलं गेलं. ते शिजवूनच खायचं असतं, त्यामुळे त्याची संगत फळाऐवजी पावाशी जमली.