बॉर्न अगेन (ब्लॅक सॅबथचा अल्बम)

‘बॉर्न अगेन’ हा ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला अकरावा स्टुडिओ अल्बम असून चाहत्यांत त्याच्याविषयी आजही टोकाची मतभिन्नता आढळते. गायक रॉनी जेम्स डिओ बँड सोडून गेल्यावर डीप पर्पल या रॉक बँडचे माजी गायक इयन गिलन यांना पाचारण करण्यात आले आणि ऑक्सफर्डशरमधील मॅनर स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. ब्रिटनमध्ये अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यामुळे त्याला सरसकट अपयशी म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

मुख्य आक्षेप ध्वनिमिश्रणावर आहे. गिटार, बास आणि ड्रम एकमेकांत मिसळून गढूळ झाले आहेत, आणि हा दोष कोणाचा यावर खुद्द सदस्यांतही एकमत नाही. मात्र हा गढूळपणा सर्व गाण्यांना सारखाच मारक ठरत नाही. ‘झीरो द हीरो’मध्ये गिटारवादक टोनी आयोमी यांचा एकच जड रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा तुकडा) साडेसात मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ अखंड घोळत राहतो आणि त्याच्यावर गिलन शब्दांची सरबत्ती करतात, तेथे धूसर आवाज गाण्याची घुसमट वाढवतो. ‘डिस्टर्बिंग द प्रीस्ट’मधील गिलन यांच्या किंकाळ्यांनाही तो शोभतो. याउलट ‘डिजिटल बिच’ किंवा ‘हॉट लाइन’ यांसारख्या सरळ, वेगवान गाण्यांना स्वच्छ आवाजाची गरज होती आणि ती तेथेच फसतात. रचनांचा दर्जा आणि मुद्रणाचा दर्जा वेगळे न काढता दिलेला निकाल म्हणूनच अपुरा ठरतो.

दुसरा आक्षेप गायकाविषयी आहे. गिलन यांचा मोकळा, काहीसा खट्याळ बाज सॅबथच्या काळोख्या परंपरेत बसत नाही, असे अनेकांना वाटते. दारूच्या नशेत मोटार उलटवल्याच्या स्वतःच्याच प्रसंगावर त्यांनी ‘ट्रॅश्ड’ लिहिले, यावरून त्या तक्रारीत तथ्य आहे हे मान्य करावे लागते. तरीही अल्बममधील सर्वांत चैतन्यपूर्ण गाणे तेच आहे. शिंगे आणि नखे असलेल्या लाल अर्भकाच्या मुखपृष्ठाची थट्टा झाली, ती अनाठायी नव्हती.

पुढे कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल (रॉकचा अतिशय आक्रमक प्रकार) बँडने ‘झीरो द हीरो’ नव्याने सादर केले. २०११ च्या विस्तारित आवृत्तीत १९८३ च्या रेडिंग महोत्सवातील मैफल समाविष्ट झाली. अल्बमवरील ड्रमवादक बिल वॉर्ड यांच्या जागी बेव्ह बेव्हन ड्रमवर असलेल्या या मैफलीत सॅबथचे ‘वॉर पिग्ज’ आणि डीप पर्पलचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ ही दोन्ही गाणी गिलन यांच्या एकाच गळ्यातून ऐकायला मिळतात.