बेनिन आणि दाहोमे: एका नावाखाली झाकली गेलेली दोन राज्ये

नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रान्सने पॅरिसमधील एका संग्रहालयातल्या २६ राजवस्तू बेनिन या देशाला परत केल्या. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, जर्मनीने ‘बेनिन ब्राँझ’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या कलाकृतींची पहिली खेप परत केली, ती मात्र नायजेरियाला. दोन्ही बातम्यांत बेनिनचे नाव होते आणि दोन्ही ठिकाणी वस्तू युरोपीय सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लुटून नेलेल्या होत्या. त्यामुळे ही एकाच राज्याची कहाणी आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात फ्रान्सने परत केलेल्या वस्तू दाहोमे या राज्याच्या होत्या, तर जर्मनीने परत केलेल्या बेनिन या राज्याच्या. या दोन राज्यांचे लोक, भाषा, राजघराणी, कला आणि शत्रू सगळेच वेगळे होते.

बेनिन राज्य एदो लोकांचे. त्याची राजधानी असलेले बेनिन सिटी हे शहर आज नायजेरियाच्या एदो राज्यात, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, दाट पावसाळी जंगलाच्या पट्ट्यात आहे. दाहोमे राज्य फॉन लोकांचे. त्याची राजधानी अबोमे बेनिन सिटीपासून पश्चिमेला सुमारे चारशे किलोमीटरवर, आजच्या बेनिन प्रजासत्ताकात आहे. मधल्या भागात योरुबा भाषकांची नगरे आणि ओयोसारखे बलाढ्य राज्य होते.

घोटाळ्याचे मूळ १९७५ सालच्या एका निर्णयात आहे. फ्रेंच वसाहतीचे नाव दाहोमे होते आणि १ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तोही त्याच नावाने. परंतु हे नाव दक्षिणेतल्या एका राज्याचे होते, आणि त्या राज्याने शेजारच्या अनेक समाजांना लुटले होते, त्यांतली माणसे पकडून विकली होती. अशा समाजांना ते आपले वाटणे शक्य नव्हते. मॅथ्यू केरेकू यांच्या लष्करी राजवटीने ३० नोव्हेंबर १९७५ रोजी देशाला बेनिन हे नाव दिले, ते किनाऱ्यासमोरच्या बेनिनच्या आखातावरून. त्या आखाताला युरोपीय नकाशांत हे नाव मिळाले होते ते पूर्वेकडच्या बेनिन राज्यावरून. अशा रीतीने एदो लोकांच्या राज्याचे नाव समुद्रमार्गे दुसऱ्याच देशाला मिळाले. देशांतर्गत ऐक्यासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता. बाहेरच्या वाचकासाठी मात्र त्याने दोन इतिहास एकमेकांत मिसळून टाकले.

वयाच्या दृष्टीने बेनिन बरेच थोरले. ‘ओबा’ म्हणजे राजा. ओबांच्या सध्याच्या घराण्याची सुरुवात परंपरेनुसार साधारण तेराव्या शतकात होते आणि तिचा संबंध योरुबांच्या इफे नगरीशी जोडला जातो. पंधराव्या शतकाच्या मध्यावर गादीवर आलेल्या ओबा एवुआरेने राज्याचा मोठा विस्तार केला, राजधानीची नव्याने रचना केली, आणि राजवाड्यातील सरदार व नगरातील सरदार अशा दोन फळ्यांवर आधारलेली सत्ताव्यवस्था घट्ट केली. राजधानीभोवतीचे प्रचंड खंदक आणि मातीचे तट यांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. पोर्तुगीज तेथे १४८०च्या दशकात पोहोचले, म्हणजे त्यांनी गोवा घेण्याच्या सुमारे पाव शतक आधी. त्यांच्यासमोर उभे राहिलेले राज्य त्या वेळी ऐन भरात होते. किल्ला बांधून दरारा बसवण्याची संधी त्यांना येथे मिळाली नाही. व्यापार ओबाच्या अटींवर आणि त्याच्या अधिकाऱ्यांमार्फतच करावा लागला.

दाहोमे हे सतराव्या शतकातले राज्य. अबोमेच्या पठारावर ते आकाराला आले ते ह्वेग्बाजा या राजाच्या काळात. त्याला खरी ताकद आली अगाजाच्या कारकिर्दीत. त्याने १७२४ मध्ये अलाडा आणि १७२७ मध्ये उइदा ही किनाऱ्यालगतची राज्ये जिंकली आणि आतल्या भागातले दाहोमे थेट अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचले. तरीही ते पूर्ण स्वतंत्र नव्हते. ओयोच्या घोडदळापुढे त्याला मान तुकवावी लागली आणि अठराव्या शतकाचा बहुतेक काळ ते ओयोला खंडणी देत राहिले. ती १८२०च्या दशकात झुगारून दिली गेझो या राजाने.

माझ्या मते या दोन राज्यांतला सर्वांत महत्त्वाचा फरक गुलामांच्या व्यापाराशी निगडित आहे, आणि नावाच्या गोंधळात सर्वाधिक अन्याय याच बाबतीत होतो. बेनिननेही सुरुवातीला पोर्तुगीजांना युद्धकैदी विकले. परंतु सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ओबाने पुरुष गुलामांच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि ते दीर्घकाळ टिकले. यामागे दयाबुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. लढणारे आणि राबणारे हात राज्याला स्वतःसाठी हवे होते. मिरी, हस्तिदंत आणि कापड विकून बेनिनचा व्यापार चालू राहू शकत होता, म्हणून हा निर्बंध परवडला. अठराव्या शतकात तेथूनही गुलामांची निर्यात पुन्हा वाढली, तरी राज्याचा पाया तिच्यावर उभा नव्हता.

दाहोमेची गोष्ट वेगळी. उइदा हे अटलांटिक गुलामव्यापाराचे एक प्रमुख बंदर होते आणि सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांदरम्यान तेथून सुमारे दहा लाख माणसे जहाजांत कोंबून नेली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बंदर ताब्यात आल्यानंतर दाहोमेची वार्षिक युद्धमोहीम, राजकोश आणि बंदुकांची खरेदी ही तिन्ही या व्यापाराला बांधली गेली. बाजारात व्यवहार कवड्यांत होत आणि त्या कवड्या हिंदी महासागरातल्या मालदीव बेटांवरून युरोपीय जहाजांतून आफ्रिकेपर्यंत पोहोचत. गेझो १८१८ मध्ये सत्तेवर आला तोच मुळी फ्रान्सिस्को फेलिक्स द सूझा या ब्राझीलहून आलेल्या गुलामव्यापाऱ्याच्या मदतीने. ब्रिटिशांच्या दबावामुळे पुढे पामतेलाची निर्यात वाढली, पण त्या तेलासाठी राबणाऱ्यांतही पकडून आणलेली माणसे होतीच.

दाहोमेची जगभर चर्चा होते ती तेथील स्त्रीसैनिकांमुळे. राजवाड्यातील रक्षक स्त्रियांपासून सुरू झालेली ही परंपरा गेझोच्या काळात काही हजारांच्या शिस्तबद्ध पलटणींपर्यंत पोहोचली. त्या राजाच्या पत्नी मानल्या जात, राजवाड्यात राहत आणि रणांगणात आघाडीवर असत. त्यांच्या शौर्याबद्दल त्यांच्या फ्रेंच शत्रूंनीही आदराने लिहून ठेवले आहे. मात्र योरुबांच्या अबेओकुटा शहरावर १८५१ आणि १८६४ मध्ये झालेले त्यांचे अयशस्वी हल्ले माणसे पकडण्याच्या त्याच राजनीतीचा भाग होते, हे त्यांचे कौतुक करताना विसरता येत नाही. बेनिनच्या सैन्यात अशी स्त्रियांची पलटण नव्हती. तेथे स्त्रीच्या सत्तेचे रूप होते राजमातेचे. सोळाव्या शतकातील ओबा एसिगीने आपली आई इदिया हिच्यासाठी ‘इयोबा’ हे पद निर्माण केले, असे परंपरा सांगते.

इदियाचा मानला जाणारा हस्तिदंती मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. सुमारे चोवीस सेंटिमीटर उंचीच्या या मुखवट्यात चेहरा शांत आहे, कपाळावर दोन उभ्या खाचा आहेत आणि डोक्यावरच्या मुकुटात दाढीवाल्या पोर्तुगीजांची चिमुकली शिरे ओळीने कोरलेली आहेत. समुद्रापलीकडून संपत्ती घेऊन येणाऱ्या या परक्यांना एदो कारागिरांनी ओलोकुन या जलदेवतेच्या राज्यातले पाहुणे ठरवले आणि राणीच्या मुकुटाचा अलंकार करून टाकले. १९७७ मध्ये लागोस येथे भरलेल्या कृष्णवर्णीय आणि आफ्रिकी कलांच्या महोत्सवाचे बोधचिन्ह हाच मुखवटा होता. ब्रिटिश म्युझियमने मूळ वस्तू त्यासाठी उसनी देण्याचे नाकारले.

ज्यांना ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात ते बहुतेक पितळी काम आहे. मेणाची आकृती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे, ही पद्धत बस्तरच्या ढोकरा कामाशी परिचय असलेल्यांना लगेच समजेल. हे काम ओबाच्या आज्ञेनेच चाले आणि ओतकाम करणाऱ्यांचा वंशपरंपरागत संघ राजधानीत एका ठरावीक रस्त्यावर राही; इगुन नावाच्या त्या रस्त्यावर आजही हाच व्यवसाय चालतो. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच वर्णनात राजवाड्याचे लाकडी खांब युद्धप्रसंग कोरलेल्या धातूच्या पत्र्यांनी मढवलेले असल्याचा उल्लेख आहे. संग्रहालयांत आज भिंतीला लावलेले आयताकृती फलक मुळात राज्याचा खांबांवर चढवलेला इतिहास होता.

दाहोमेच्या राजवाड्यातही इतिहास भिंतींवरच होता, पण रंगवलेल्या मातीच्या उठावचित्रांत आणि कापडावर कापड शिवून केलेल्या चित्रांत. प्रत्येक राजाला प्राण्याचे किंवा वस्तूचे चिन्ह असे. फ्रान्सने परत केलेल्या २६ वस्तूंत तीन राजांचे मोठे लाकडी पुतळे आहेत: गेझोचा पक्षिरूप, ग्लेलेचा सिंहरूप आणि बेहान्झिनचा शार्करूप. किनाऱ्यावर येणाऱ्या फ्रेंचांना गिळून टाकणारा राजा, असा त्या शार्कचा अर्थ होता.

बेहान्झिन खरोखरच लढला. फ्रेंचांशी १८९० मध्ये पहिली आणि १८९२ मध्ये दुसरी लढाई झाली. जनरल दोद्झच्या फौजा नोव्हेंबर १८९२ मध्ये अबोमेत शिरल्या, त्यापूर्वी राजाने स्वतःच राजवाड्याला आग लावून राजधानी सोडली होती. जानेवारी १८९४ मध्ये तो शरण आला, त्याला मार्तिनिक बेटावर धाडण्यात आले आणि १९०६ मध्ये अल्जिअर्सला त्याचा मृत्यू झाला.

बेनिनचा अंत ब्रिटिशांच्या हातून आणि कमालीच्या वेगाने झाला. जानेवारी १८९७ मध्ये, पवित्र विधी चालू असल्याने येऊ नये असे कळवूनही, जेम्स फिलिप्स हा अधिकारी आपला ताफा घेऊन राजधानीकडे निघाला आणि वाटेत त्यातले बहुतेक जण मारले गेले. फेब्रुवारीतच ब्रिटिशांच्या ‘दंडात्मक मोहिमे’ने शहर जिंकले. ते आगीत भस्मसात झाले आणि राजवाड्यातील हजारो वस्तू नेल्या गेल्या; त्यांतल्या अनेक मोहिमेचा खर्च भागवण्यासाठी विकल्या. ओबा ओवोन्राम्वेनला कलाबारला हद्दपार करण्यात आले आणि १९१४ मध्ये तो तेथेच वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा एवेका दुसरा गादीवर बसला. ती गादी आजही चालू आहे आणि २०१६ पासून तिच्यावर ओबा एवुआरे दुसरे आहेत.

उइदामधला एक छोटा पोर्तुगीज किल्ला मात्र फ्रेंचांच्या काळातही पोर्तुगालकडेच राहिला होता. स्वतंत्र दाहोमेने तो ऑगस्ट १९६१ मध्ये ताब्यात घेतला, गोवा मुक्त होण्याच्या काही महिने आधी.

परत आलेल्या वस्तूंच्या मालकीबाबतही दोन्हीकडे वाटा वेगळ्या आहेत. दाहोमेच्या २६ वस्तू बेनिन प्रजासत्ताकाच्या सरकारकडे आल्या आणि २०२२ मध्ये कोटोनू येथील अध्यक्षीय प्रासादात लोकांसमोर मांडल्या गेल्या. आज त्या राष्ट्राच्या वस्तू मानल्या जातात. नायजेरियात मात्र २०२३ मध्ये तत्कालीन अध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांच्या आदेशाने बेनिन राज्याच्या परत येणाऱ्या वस्तूंचे मालक म्हणून ओबांना मान्यता मिळाली. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ कलाकृती नायजेरियाला परत केल्या, तेव्हा त्या ज्या राजवाड्यातून नेल्या होत्या त्याचा वारस दावेदार म्हणून हयात होता.