तो ठोसा लागलाच नव्हता

लहानपणी डोक्यावर घेतलेला कुंग फूचा चित्रपट वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहिला, की बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते: मारामारी एवढी संथ कशी? आठवणीतला हीरो विजेसारखा तुटून पडायचा, हा तर मोजूनमापून हात टाकतोय. चित्रपट तोच आहे, मग वेग गेला कुठे?

त्यातला बराचसा वेग पडद्यावर कधी नव्हताच. रीळ सेकंदाला २४ चित्रं दाखवतं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे ४२ मिलिसेकंद येतात. ठोशाचा वेग सेकंदाला ९ मीटर धरला, तर तेवढ्यात मूठ ३७ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. अख्खा ठोसा जेमतेम दोन-चार चित्रांत उरकतो, आणि त्यातही मुठीच्या जागी नुसता फराटा. मधली सलग हालचाल मेंदू स्वतःच भरून काढतो. त्यात कॅमेरा मुद्दाम थोडा हळू, समजा सेकंदाला २० चित्रं या गतीने चालवला आणि दाखवताना २४ ने दाखवला, की सगळं २० टक्के जलद होतं. ही हातचलाखी पकडायची असेल तर हाताकडे नाही, केसांकडे आणि कपड्यांच्या टोकांकडे बघावं. ती नको तितकी घाईत फडफडतात.

बरं, हा ठोसा सहसा लागतही नाही. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवला, की मूठ आणि गाल यांच्यामधली वीतभर फट झाकली जाते. एरवी अशी फट कळायला दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांची मदत होते. सपाट पडद्यावर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं.

मग टक्कर दिसते कशी? इथे कान कामाला येतात. १९९७ साली रॉबर्ट सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक साधासा प्रयोग मांडला. पडद्यावर दोन तबकड्या समोरासमोरून येतात, एकमेकींवर येतात आणि पुढे जातात. आवाज नसताना त्या बहुधा आरपार गेल्यासारख्या वाटतात. भेटीच्या क्षणी ‘टक्’ असा आवाज ऐकवला, की त्याच तबकड्या एकमेकींवर आपटून मागे फिरल्यासारख्या दिसण्याचं प्रमाण बरंच वाढतं. चित्र तसूभरही बदललेलं नसतं. हाँगकाँगच्या जुन्या कुंग फू चित्रपटांचं बरंचसं चित्रीकरण मूकच व्हायचं आणि आवाज मागाहून भरले जायचे. खऱ्या ठोशाचा आवाज कसा दबका, बद्द असतो. तिथे भरलेला फटका चाबकासारखा कडाडतो. आवाज बंद करून तेच दृश्य पाहा. दोन माणसं एकमेकांच्या आसपास हात फिरवताना दिसतील.

जॅकी चॅनच्या चित्रपटांतली एक करामत मला सर्वांत आवडते. फटका बसताना दृश्य लांबून जवळ जातं, तेव्हा पहिल्या शॉटची शेवटची दोन-तीन चित्रं दुसऱ्या शॉटच्या सुरुवातीला पुन्हा घेतलेली असतात. दृश्य बदलल्यावर नजर सावरायला क्षणभर लागतो; त्या क्षणात फटका हरवू नये म्हणून ही सोय. हिशेबाने तो दोनदा बसतो. डोळ्याला मात्र एकच वाटतो, पण सणसणीत.

एवढं सगळं पहिल्याच वेळी मेंदूने रचलेलं असतं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावर आठवण हात फिरवत राहते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या पुस्तकात हे दाखवलं होतं. अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा त्याने इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. अनोळखी तपशील गळून गेले, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. मारामारीचंही असंच होतं: मधली पायांची सरकासरक, श्वास घेण्याचे थांबे गळतात, फटके तेवढे उरतात. फटके एकापाठोपाठ एक आठवले, की वेग आपोआप वाढणारच.

शिवाय मधल्या काळात नजरेची सवयही बदललेली असते. चित्रपट अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांच्या हिशेबाप्रमाणे १९३० ते ६० या काळात हॉलिवूडमधला शॉट सरासरी ८ ते ११ सेकंदांचा असे. शतक संपताना तो बहुधा ३ ते ६ सेकंदांवर आला. त्या मानाने जुन्या मारामारीतले लांब शॉट रेंगाळल्यासारखे वाटतात. माझ्या मते अवघड काम तेच आहे. दहा-बारा हालचाली एका दमात, न चुकता करायच्या म्हणजे कात्रीचा आधार नाही.

आणि मधल्या वर्षांत बघणारा स्वतः एखादी युद्धकला शिकला असेल, तर गोष्टच वेगळी. बिआट्रिझ काल्व्हो-मेरिनो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बॅले नर्तक आणि कापोएरा ही ब्राझीलची युद्धकला खेळणारे यांना दोन्ही प्रकारच्या चित्रफिती दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. हालचालींशी निगडित भाग प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रकाराला जास्त प्रतिसाद देत होते. असा प्रेक्षक जुनी मारामारी पाहताना मुठीकडे कमी आणि कमरेच्या वळणाकडे जास्त बघतो. मार खाणाऱ्याने मूठ पोहोचायच्या आधीच मान झटकली, तर तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही.