हँडिकॅप (गोल्फ)

गोल्फमध्ये कच्चा आणि मुरलेला खेळाडू एकाच स्पर्धेत खेळू शकावेत, म्हणून खेळाडूच्या एकूण फटक्यांतून वजा केला जाणारा आकडा. गल्लीतल्या खेळात लहानग्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतात. तो बाद होत नाही, पण त्याचा खेळ कुणी धरतही नाही. हँडिकॅपवाल्याचा मात्र फटका अन् फटका मोजला जातो आणि तो जिंकूही शकतो.

जळगाव-धुळ्याकडच्या अनेकांना ‘गोल्फ क्लब’ म्हटले की नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवते. तिथे रणजीचे सामने होतात, म्हणजे क्रिकेटच. गोल्फची हौस असलेला इकडचा माणूस बहुधा सुटी काढून बाहेरगावी खेळतो, आणि हँडिकॅपची खरी अडचण त्याचीच असते.

२०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू आहे. त्याआधी जगात सहा प्रमुख पद्धती होत्या. शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून खेळाडूचा निर्देशांक ठरतो. म्हणजे तो रोजचा खेळ सांगत नाही, चांगल्या दिवशीची कुवत सांगतो. कमाल निर्देशांक ५४. सुरुवातीला एकूण ५४ होलचे (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा, पूर्ण फेरीत असे १८) स्कोअर दिले तरी निर्देशांक मिळतो.

निर्देशांकावरून मिळणारा हँडिकॅप मैदानागणिक बदलतो. प्रत्येक मैदानाला ५५ ते १५५ दरम्यान ‘स्लोप’ दिलेला असतो, म्हणजे मुरलेल्याच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते किती अवघड जाते याचा आकडा. ११३ हा मध्यम धरतात. निर्देशांकाला स्लोपने गुणून ११३ ने भागायचे, मग कोर्स रेटिंगमधून (मुरलेल्या खेळाडूला तिथे लागतील असे धरलेले फटके) पार (मैदानासाठी किंवा होलसाठी ठरवून दिलेले फटके) वजा करून येणारा फरक मिळवायचा, तो उणे असला तरी. समजा, भुसावळच्या एका व्यापाऱ्याचा निर्देशांक २०.४ आहे. स्लोप १२५, रेटिंग ७१.२ आणि पार ७२ असलेल्या मैदानावर त्याला २२ फटके मिळतील. स्लोप १०५ आणि रेटिंग ६९.५ असलेल्या सोप्या मैदानावर, पार तेवढाच असूनही, फक्त १६. वारा किंवा पावसामुळे त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर नेहमीपेक्षा वेगळे आले, तर हवामानाचाही हिशेब होतो. दुरुस्ती उणे १ ते अधिक ३ इतकी.

मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणारे सगळीकडे भेटतात. त्यांच्यासाठी वेसण आहे. वर्षभरातल्या नीचांकापेक्षा निर्देशांक ३ ने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि ५ च्या पुढे वाढूच देत नाहीत. नीचांक १६ असताना हिशेबाने २२ येत असेल, तर हाती २०.५ पडतात.

पण वर्षातून तीन-चारदा खेळणाऱ्याच्या २० फेऱ्या व्हायला पाच-सहा वर्षे जातात. मित्रमंडळी किंवा कंपनीच्या एकदिवसीय स्पर्धांत म्हणून त्याच दिवशीच्या स्कोअरकार्डावरून हँडिकॅप काढतात. ‘सिस्टिम ३६’ त्यातली सर्वांत सुटसुटीत. पार किंवा त्याहून चांगल्या खेळाला २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, डबल बोगी (दोन जास्त) वा त्याहून वाईटाला शून्य. गुणांची बेरीज ३६ मधून वजा केली की हँडिकॅप. आपल्या व्यापाऱ्याने ५ पार, ७ बोगी आणि बाकीचे ६ होल वाईट खेळून ९५ फटके घेतले, तर गुण १७, हँडिकॅप १९ आणि निव्वळ स्कोअर ७६.

यात एक मेख आहे, ती हिशेब उलटा मांडला की दिसते. प्रत्येक होलवर पारपेक्षा जास्त गेलेले पहिले दोन फटके या पद्धतीत आपोआप माफ होतात. त्यामुळे निव्वळ स्कोअर ७२ च्या आसपासच घुटमळतो, आणि निकाल ठरतो कुणी बर्डी मारली (पारपेक्षा एक फटका कमी) आणि कुणी एखाद्या होलवर आठ-नऊ फटके उधळले यावर. व्यापाऱ्याचे ७२ वरचे ४ फटके अशाच उधळपट्टीचे.

‘पिओरिया’ पद्धतीत आयोजक ६ होल गुपचूप निवडतो, त्यांचा पार मिळून २४. त्यांवरचे फटके तिप्पट करून ७२ वजा करायचे आणि उरलेल्याचे ८० टक्के घ्यायचे. व्यापाऱ्याने त्या सहांवर ३२ फटके घेतले असतील तर हँडिकॅप १९.२. होल गुप्त असल्याने लबाडीला वाव कमी. नशिबाला मात्र भरपूर. वाईट खेळलेले होल नेमके त्या सहांत निघाले, तर हँडिकॅप वाढतो आणि बक्षीसही पदरात पडते. कोणते सहा होल होते, ते खेळ संपल्यावर, सगळ्यांची कार्डे जमा झाली की मगच सांगतात.