बाउन्स रेट: नाव तेच, हिशेब वेगळा

साइटवर किती लोक आले, काय पाहिले हे मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये नवे फीचर आले की रिपोर्ट बनवणाऱ्यांच्या पोटात आधी गोळा येतो. २०२० ते २०२४ या काळात सवयच तशी लागली, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ घातला तो बाउन्स रेटने.

सुरुवात सर्व्हरच्या लॉगमधले ‘हिट्स’ (फाइलसाठी आलेल्या मागण्या) मोजण्यापासून झाली. २००५ मध्ये अर्चिन हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी गूगलने विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गूगल ॲनालिटिक्स या नव्या नावाने फुकट मिळू लागले. लिंकच्या शेपटीला आपण आजही ‘यूटीएम’ (वाचक कुठून आला हे सांगणारी खूण) लावतो, त्यातला ‘यू’ अर्चिनचाच.

जुन्या हिशेबात बाउन्स म्हणजे एक पान उघडून, दुसरी कसलीही नोंद न होता संपलेले सेशन (साइटची एक भेट); अशा सेशन्सची टक्केवारी म्हणजे बाउन्स रेट. पानावर किती वेळ गेला हे पुढच्या नोंदीच्या वेळेतून आधीची वजा करून काढत. समजा, कुणी सर्चवरून थालीपिठाच्या पाककृतीवर आले. फोन ओट्यावर टेकवून भाजणी मळली, बारा मिनिटे पान पाहून थालीपीठ लावले आणि टॅब बंद केला. पुढची नोंदच नाही, मग वजाबाकी कशातून करणार? वेळ शून्य सेकंद, बाउन्स. पान उघडताच वैतागून पळालेल्याचीही नोंद हुबेहूब तीच. तरी ‘बाउन्स रेट कमी करून देतो’ म्हणणाऱ्यांची दुकाने वर्षानुवर्षे चालली. पानात टायमर लावून दर काही सेकंदांनी इव्हेंट (कृतीची एक नोंद) पाठवला की रेट एका रात्रीत ‘सुधारायचा’.

ऑक्टोबर २०२० मध्ये जीए४ (गूगल ॲनालिटिक्सची नवी आवृत्ती) आले. त्याचा पाया मोबाइल ॲपसाठीच्या फायरबेस ॲनालिटिक्सचा, त्यामुळे पान उघडणे हासुद्धा एक इव्हेंटच. बाउन्स रेटला त्यात जागाच नव्हती. त्याऐवजी ‘एंगेज्ड सेशन’ आले: दहा सेकंदांहून जास्त टिकलेले, किंवा दोन पाने पाहिलेले, किंवा कन्व्हर्जन (खरेदी, नोंदणी असे साइटला हवे ते काम) झालेले. विचार चांगला होता. पण क्लायंटच्या मासिक पीपीटीत बाउन्स रेटची स्लाइड ठरलेली, ती रिकामी कशी ठेवणार? ओरड झाली आणि जुलै २०२२ मध्ये तो परत आला, मात्र एंगेज्ड नसलेल्या सेशन्सची टक्केवारी म्हणून. थालीपीठवाल्याची आता बाउन्समधून सुटका झाली. फक्त निदान नाव तरी नवे द्यायचे होते! जुना आणि नवा रेट शेजारी मांडून ‘प्रगती’ दाखवण्याची सोय त्या एका निर्णयाने झाली. शिवाय दहा सेकंदांची मर्यादा सेटिंगमध्ये साठपर्यंत नेता येते, म्हणजे दोन साइट्सचे रेटही एका मापाचे असतील असे नाही.

ताळा करायलाही फारसे काही उरले नाही. जीए४च्या आधीच्या, फुकटच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणे थांबवले. जुना डेटा जीए४मध्ये आणलाच नाही आणि वर्षभराने जुने रिपोर्टही बंद केले. ज्यांनी आकडे एक्सेलमध्ये उतरवून ठेवले नव्हते ते हात चोळत बसले.

म्हणून जीए४ला करता येणाऱ्या जोडण्यांमध्ये वजन आहे ते बिगक्वेरीला, म्हणजे गूगलच्या डेटा साठवण्याच्या सेवेला. आधी ती जोडणी फक्त पैसे भरून ‘३६०’ आवृत्ती घेणाऱ्या ग्राहकांना मिळे, जीए४मध्ये सगळ्यांना मिळाली. फुकट खात्याला रोजच्या एक्स्पोर्टमध्ये १० लाख इव्हेंटची मर्यादा आहे. फुकट जीए४मध्ये सविस्तर डेटा २ महिने राहतो, सेटिंग बदलले तर १४. बिगक्वेरीत तो आपल्या ताब्यात राहतो, पण जोडल्या दिवसापासूनचाच. मागचा मिळत नाही, त्यामुळे साइट सुरू होताच हे काम उरकावे.

दरम्यान युरोपात वेगळाच पेच उभा राहिला. डेटा अमेरिकेत जातो म्हणून २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी या साधनाच्या वापरावर बोट ठेवले. 

मार्च २०२४ मध्ये ‘कन्व्हर्जन’ची पाळी आली. गूगलच्या जाहिरातींच्या खात्यातले कन्व्हर्जनचे आकडे आणि इथले, ॲनालिटिक्समधले आकडे जुळत नसत, म्हणून इथल्याला ‘की इव्हेंट’ म्हणायचे ठरले. या वेळी नाव बदलले, मोजणी तीच राहिली.